किड्यानं न शिवलेला पाला

माय, मागच्या महिन्यात मी चारचौघांत पहिल्यांदा तुझ्याबद्दल बोलले, आणि जे बोलले ते खोटं होतं. तुला जाऊन वीसेक वर्षं होत आली. इतक्या वर्षांत शाळेत, कॉलनीत, सासरच्या गोतावळ्यात कुणी विचारलं की मी म्हणायची, "आई घरीच असायची." घरी! तू सूर्य उगवायच्या आत कमरेला ओटी खोचून दुसऱ्याच्या शेतात पऱ्हाटीतलं तण निंदायला जायचीस आणि दिवे लागल्यावर परत यायचीस. घरी तू असायचीस ती फक्त चुलीपुढे. तेवढंच मी लोकांना सांगत आले, म्हणजे बघ.

सुरुवातीपासून सांगते. मला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, औषधाआधी पाय हलवा. आमची कॉलनी बुलढाण्याच्या अगदी कडेला आहे, शेवटचं घर संपलं की सोयाबीन आणि कपाशीच सुरू होते. आम्ही पाच बाया पहाटे त्या रस्त्यानं चालतो. त्यातली एक बँकेत नोकरीला आहे, वयानं सगळ्यात लहान. तिनं कुठूनशी चालायची एक पद्धत आणली. मोबाइल घरी ठेवायचा, पहिल्या वळणापर्यंत काय गप्पा मारायच्या त्या मारायच्या, पुढे तोंड बंद. मग हळूहळू चालत प्रत्येकीनं एक गोष्ट नीट पाहायची, हात लावायचा, वास घ्यायचा, आणि परतताना बाकीच्यांना सांगायची. मला आधी हसूच आलं. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "पाहाले बी शिकवणी लावा लागते का वं?"

पण माय, मला ते आवडायला लागलं. बाकीच्या सांगायच्या, आज लाल फूल पाहिलं, आज पक्षी ओरडला. मी सांगायची, हा तरोटा, म्हणजे टाकळा, याची पानं संध्याकाळी मिटतात, उद्या दिवेलागणीला येऊन पाहा. ही चिवळ, जमिनीला चिकटून पसरते, तोडताना मूळ हलवायचं नाही, दहा दिवसांनी पुन्हा फुटते. ही घोळ, हिची चव आंबूस असते. बोलताना माझे हात तुझ्यासारखे हलायचे, हे माझं मलाच दिसायचं. बाया थक्क व्हायच्या. आमच्या शेजारच्या भाभी, त्यांच्या घरचं कापडाचं दुकान आहे, त्या एकदा म्हणाल्या, "मॅडम, मी लग्न होऊन आली तवापासून ह्याच रस्त्यानं जाऊन राह्यली, पण खाली कधी पाह्यलंच नाही. तुमी हे कुठं शिकल्या?" मी शाळेत विज्ञान शिकवते. मी म्हणाले, "वाचन आहे थोडं." किती सहज आलं तोंडातून. वाचन! खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं मी पाहिली आहेत, मी तर ते घरच पुसून टाकलं.

पुसायची सवय जुनीच. मी अकरावीत होते, मोताळ्याच्या कॉलेजात जायची. त्या दिवशी शेवटचा तास झाला नाही म्हणून आम्ही तिघी मैत्रिणी आमच्या गावाच्या रस्त्यानं फिरत निघालो होतो. तू रस्त्याच्या कडेला नालीत वाकून चिवळ तोडत होतीस. लुगड्याचा काचा मारलेला, पाय चिखलानं भरलेले, ओटी फुगलेली. तू मान वर केलीस आणि हसलीस. एका मैत्रिणीनं विचारलं, "कोण हाय वं?" मी म्हणाले, "आमच्या गावातली हाय," आणि पुढे चालू लागले. तू ऐकलंस. इतक्या जवळून कोण ऐकणार नाही? संध्याकाळी मुगाची डाळ घालून तीच चिवळ तू शिजवलीस, कळण्याची भाकर थापलीस, मला वाढलंस. मी मान खाली घालून जेवत होते आणि वाट पाहत होते की आता तू बोलशील. तू बोललीस ते एवढंच, "त्या पोरीयले बी जेवाले आणाव होतं. भाजी लय झाली."

शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. शिव्या माणूस विसरतो.

तू मला रागावलीस ती खरं म्हणजे एकदाच, तेही मी नऊ-दहा वर्षांची असताना. तुझ्यासोबत निंदणाला आले होते. तू रांगेत पुढे गेलीस, मी मागे बांधावर तरोटा तोडत बसले. निवडून निवडून तोडला, एकाही पानाला भोक नाही, डाग नाही, अगदी बाजारात मांडावा असा. मला वाटलं तू खूश होशील. तू माझी ओटी पाहिलीस आणि सगळाच्या सगळा पाला उपसून नालीत फेकलास. माझा हात इतक्या जोरात धरलास की बांगडी फुटली. "कायले तोडला हा? ज्या पानाले किडा तोंड लावत नाही, त्याले आपून काऊन लावाव? फवारलं हाये इथं. किड्याले कळते, तुले कळत नाही?" मग दुसऱ्या बांधावर नेलंस आणि चाळणीसारखी पानं असलेला तरोटा दाखवलास. "हा खाय. हा किड्यानं चाखून ठेवला हाये आपल्यासाठी." मी रडत होते. तू पदरानं माझं नाक पुसलंस आणि पुन्हा रांगेत जाऊन बसलीस, कारण मालकाची बायको पाहत होती.

आता मागच्या महिन्यातलं. बाया म्हणाल्या, मॅडम, रोज नुसतं पाहतो, एका रविवारी खाऊ पण. ठरलं की सगळ्यांसाठी मी भाजी करायची. शनिवारी पहाटे आम्ही तोडायला निघालो. आमच्या नेहमीच्या बांधावरचा तरोटा किड्यांनी खाल्लेला होता. बँकेतली म्हणाली, "ई, हा कसा खायचा?" बाकीच्यांनीही नाकं मुरडली. पुढे एका कपाशीच्या कडेला तरोटा होता, दाट, हिरवागार, पानाला टाचणीएवढं भोक नाही. मी तिथं उभी राहिले. तू आठवलीस. अगदी तुझ्या आवाजासकट आठवलीस, फुटलेल्या बांगडीसकट. आठवलं नाही असं मला म्हणता येत नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त लागतं. मी मनात म्हणाले, नीट धुऊ, मीठ-हळदीच्या पाण्यात ठेवू, आता काय जुन्या काळातल्यासारखं आहे का. खरं कारण वेगळं होतं. वाचन असलेल्या मॅडमनं किडका पाला वाढला असता तर कसं दिसलं असतं? मी ओटी भरली. ओटी कसली, कापडी पिशवी होती माझ्याकडे, छान छापील.

रविवारी अकराला सगळ्या जेवल्या, वाहवा झाली, भाभींनी दोनदा मागून घेतली. दोन वाजता त्यांना उलट्या सुरू झाल्या. मलाही मळमळलं, बाकीच्यांची पोटं दुखली, पण भाभींचा चेहरा पांढरा पडला, घामानं कपडे भिजले. दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, फवारणीचं औषध पोटात गेलंय, अजून थोडं जास्त असतं तर कठीण होतं. दीड दिवस त्या तिथं होत्या. आता बऱ्या आहेत माय, घाबरू नको.

दवाखान्याच्या पायरीवर त्यांची मुलगी बसली होती. रडून डोळे सुजलेले. बाकीच्या तिघीही उभ्या होत्या. मुलगी भांडली नाही, नुसतं विचारलं, "मॅडम, ही भाजी अशी तोडून खायाची, हे तुमाले कोनं सांगतलं होतं?" माझ्याकडे बाकीच्या पाहत होत्या. वाचन म्हणावं, तर पुस्तकाचं नाव काय सांगू? आणि मी म्हणाले, "माझ्या आईनं. ती निंदायला जायची, तिच्याकडूनच शिकले. जुनी बाई होती ती, तिला फवारणीचं काय कळणार."

बोलून झालं.  त्या मुलीनं माझा हात धरला. मी घरी आले, न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. कौतुक होत होतं तेव्हा तू नव्हतीस माझ्या आयुष्यात. बालंट आलं तेव्हा तुला राखेतून उठवून पुढं केलं. लोक म्हणतात, शेण खाल्लं. मी खाल्लं आणि तुझ्या तोंडाला पुसलं.

आठ दिवसांनी भाभी पुन्हा चालायला आल्या. मी त्यांच्याजवळ गेले तर त्याच मला समजावू लागल्या, "दिलपर नका घेऊ मॅडम. तुमच्या अम्मीची काय गलती? त्यांच्या जमान्यात औषध कुठं होतं एवढं? बिचाऱ्या साध्या होत्या." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

आणि आता एक विचित्र झालंय. त्या मला रोज तुझ्याबद्दल विचारतात. तू काय गायचीस, ओटी कशी बांधायचीस, भाकरीसोबत काय न्यायचीस. पहिलं वळण झालं की तोंड बंद ठेवायचा नियम मोडून मी सांगते. नालीतली चिवळ सांगते, मालकाची बायको सांगते. माझ्या जिभेवर तुझी भाषा परत यायला लागली आहे, परवा मी "पाहून राह्यले" म्हणाले आणि कुणी हसलं नाही. भाभींचे डोळे भरून येतात. त्यांना तू आवडतेस माय. साधी, गरीब, काही न कळणारी तू. तरोटा दिसला की मात्र त्या रस्त्याची दुसरी कड धरतात. किडका असला तरी. मी त्यांना थांबवून म्हणू शकते, एक वाक्य आहे फक्त. "तिला कळत होतं, तिनं मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." रोज ठरवून निघते. रोज कॉलनीच्या फाटकाशी परत येते आणि ते वाक्य तसंच तोंडात असतं.

म्हणून आज वही घेऊन बसले. हे सगळं खरं तर भाभींना द्यायला हवं, त्या तिघींना, त्या मुलीला. भाभी तर भिंतीपलीकडेच राहतात, पायात चप्पल न घालताही जाता येईल. लिहिलं मात्र तुला. का, तेही सांगून टाकते. माय, तुला वाचता येत नव्हतं.