बॅटरी मागे नेली तेव्हा

९ मार्च

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या आईचा खोकला कसा आहे? औषध घेते की अजूनही कुंडीत ओतते? जावईबापूंची पाठ? धाकटीला पुढचे दात आले का, की नुसत्या हिरड्यांनीच सगळ्यांना चावते? मी ठीक. अक्षर नेहमीसारखंच कोंबडीच्या पायाचं. सांभाळून घे.

तुझं पत्र मिळालं. पंख बसले, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, महिनाअखेर पहिलं उड्डाण. बाबाच्याच जातीचं विमान, तेही स्वतःच्या हातांनी जोडलेलं. ऊर भरून आला गं. मग तुझी शेवटची ओळ वाचली. "काका, बाबाच्या फायलीतल्या तुमच्या ड्रॉइंगप्रमाणे बॅटरी मागे नेली. पाय काय मस्त पसरतात!"

चहा तसाच गार झाला. तीनदा फोन लावला तुला. तू "बोला काका" म्हणालीस की मी हवापाणी विचारून ठेवून दिला. म्हणून हे पत्र.

तुझ्या बाबाचा उजवा गुडघा आखडलेला, तुला आठवत असेल. सीटवर बसला की वैतागायचा. "दादा, पाय कुठे ठेवू, तुझ्या खांद्यावर?" मी म्हणालो, "ठेव की, लहानपणी तेच करायचास." आणि हसत हसत त्याच्या पायापुढची नऊ किलोची बॅटरी उचलून पाच हात मागे, शेपटाच्या पोकळीत नेली. फळी मी मारली, वायर मी ओढली. फार खूश झाला तो.

विमानाच्या सुट्या भागांबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं की एकही वस्तू हलवली तर विमान पुन्हा तोलायचं, वजन मागे सरकलं का बघायचं. पहिल्यांदा तोललं तेव्हा तिन्ही चाकांखाली ठेवायचे वजनकाटे भंगारवाल्याकडून आणले होते. परत नेऊन दिले तेव्हा तो सगळ्यांदेखत हसला, "आजोबा, तोलून तोलून विमान हलकं होत नाही!" ते टोचलं मला. पुन्हा त्याच्या दारात जायचं नव्हतं. तुझ्या बाबाने विचारलं, "तोललंस ना रे?" मी म्हणालो, "हो."

आणि कागदावर जुनेच आकडे लिहिले.

चाकं जमिनीवरून सुटल्याबरोबर शेपटातल्या वजनाने नाक वर गेलं. तो दांडा पुढे रेटत होता, मला धावपट्टीच्या कडेवरून त्याचा खांदा दिसत होता. नाक खाली आलंच नाही. मग एका पंखावर कलंडलं. पुढचं तुला माहीत आहे.

विमान जळून गेलं, माझा कागद तेवढा शाबूत राहिला. चौकशीवाल्यांनी तो बघितला आणि लिहिलं, चालकाने घाईने नाक उचललं. सहा वर्षं तुझी आई म्हणते, "माणूसच उतावळा." आणि मी समोर बसून बिस्किटं खातो. ठमे, तो उतावळा नव्हता. तो घाबरलाही नव्हता. शेवटपर्यंत नाक खाली आणायचा प्रयत्न करत होता.

बॅटरी आजच पुस्तिकेत आहे तिथे परत ने. माझं ड्रॉइंग फाडून टाक. आणि तरीही, तू स्वतः सीटवर बसून, टाकीत इंधन घेऊन, विमान पुन्हा तोल. आकडे दुसऱ्या कुणाला वाचायला लाव. कुणी हसलं तर हसू दे.

हे पत्र आईला वाचून दाखव. माझ्याने होणार नाही. तिने दार बंद केलं तर तिचं बरोबर आहे, तू मध्ये पडू नकोस.

माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. पण एक कार्ड टाक. खुशाली लिहू नकोस, मायना नको, सही नको. तिन्ही चाकांचे तीन आकडे तेवढे लिही. लवकर लिही गं. तोवर मी पोस्टमनची वाट बघत ओट्यावर बसून आहे.

तुझा, अजून म्हणवत असेल तर,
काका