सासुरवाडीची वाट

ग्राँविल, फ्रान्स, १८ डिसेंबर १७८०

चि. सौ. दूस हिस ताईचे अनेक उ. आ. वि. वि.

तुझं पत्र आणि लोण्याचं मडकं कालवंवाल्या बार्नाबेने समुद्रातल्या शोझेच्या खडकांवरून आणून पोचवलं. लोणी खवट झालं होतं, पण तुझ्या हातचं म्हणून खाल्लं. ह्यांनी तोंड वाकडं केलं, तरी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

दूस, गावात पाय ठेवायला जागा नाही, इतके शिपाई आलेत. काल ह्यांना बोलावणं आलं. इंग्रजांच्या जर्सी बेटाभोवतालचं पाणी ठाऊक आहे का, असं अधिकाऱ्याने विचारलं. गातियें म्हणजे आमचे भोळे सांब! सांगून बसले, सासुरवाडीच आहे, डोळे मिटून होडी नेईन म्हणून. झालं, तिथेच ठेवून घेतलं. नकार दिला तर फास.

बाबा म्हणायचे, इंग्रजांचा राजा आणि फ्रेंचांचा राजा शेकडो वर्षं भांडतायत, पण फुटतात ती आमची कालवं. याहून उघड लिहिता येत नाही. नाताळ होताच तुझ्या नवऱ्याला, क्लेमांला म्हणावं, गायी घेऊन बेटाच्या आतल्या बाजूला आत्याकडे जाऊन राहा. हट्ट केला तर भांड. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई, एस्तेर


ला रोक, जर्सी, २८ डिसेंबर १७८०

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

भांडले. काही उपयोग झाला नाही. क्लेमां म्हणाला, फ्रेंच येणार हे तो पाळण्यात असल्यापासून ऐकतोय. शिवाय त्याचं नाव गावच्या पलटणीत आहे, गायींचं शेपूट धरून पळाला तर लोक काय म्हणतील?

तुझं पत्र कप्तानाला दाखवावं का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, हा कागद बाहेर पडला, तर उद्या गातियें इथे सापडल्यावर त्याला कैदी म्हणून ठेवणार नाहीत, वाटाड्या म्हणून झाडाला टांगतील. असं म्हणून त्याने ते पत्र चुलीत घातलं आणि वर मला चिडवलं, तुझ्या ताईचं अक्षर जळतानासुद्धा वाचता येत नाही.

भावजींना म्हणावं, पोट धरून निजा, ताप आलाय म्हणा, काहीही करा. लहान बहिणीवर जीव आहे तसाच ठेव.

तुझी दूस


ग्राँविल, १० जानेवारी १७८१

चि. सौ. दूस हिस अ. आ.

होड्या परत आल्या, सगळ्या नाही. ह्यांची आली नाही. कुणी म्हणतं खडकावर फुटली, कुणी म्हणतं माणसं किनाऱ्याला लागली. मी धक्क्यावरच बसून आहे. शेजारणी भाकर आणून देतात, ती तशीच राहते. मी बाटून कॅथलिक झाले तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाठ फिरवली. तू नाही फिरवलीस. आता तर तुझ्याशिवाय मला कोण आहे?

कैद्यांत शोध. दवाखान्यात शोध. वाळूवर पडलेल्यांचे चेहरे बघ. डाव्या कानाची पाळी तुटकी आहे. सापडले तर पदराखाली घे, दूस, तुझ्या पाया पडते. मोठी असून पडते.

क्लेमां बरा असेलच.

एस्तेर


ला रोक, २३ जानेवारी १७८१

ताई,

क्लेमां बरा नाही. सहा तारखेला सेंट हेलियरच्या बाजारचौकात तो पडला. लढाई पाव तास चालली म्हणतात. गोळी मानेत लागली. त्याचं तू शेवटच्या ओळीत विचारलंस.

सोमवारी त्याला पुरून आले. गायी हंबरत होत्या, म्हणून गोठ्यात गेले, तर गवतात भावजी. होडी फुटली, गुडघ्याचा चेंदा झाला, दोन दिवस सरपटत आले. मला बघून रडले आणि म्हणाले, क्लेमांला हाक मार, तो मला पोचवील. मी सांगितलं, त्याला आत्ताच मातीत ठेवून आले. संध्याकाळी एवढंच म्हणाले, दूस, मला धरून दे.

धरून देणारच होते. दोनदा ठाणेदाराच्या दारापर्यंत गेले. तुझं पत्र दाखवलं असतं तर पहारा वाढला असता, क्लेमां आज जेवायला बसला असता. हे माझ्या डोक्यातून जात नाही. पण ज्याची मान वाचावी म्हणून त्याने ते पत्र जाळलं, तीच मान मी कशी देऊ? दोन्ही वेळा परत फिरले.

पंधरा दिवस लोक समाचाराला येत होते, आणि भिंतीपलीकडे तुझा नवरा तोंडात कापड कोंबून कण्हत होता. झडतीला आले तेव्हा मी बायबलवर हात ठेवून खोटं बोलले. त्याचा जाब वर द्यायचा तेव्हा देईन.

हे पत्र आणणारा माणूस तोच आहे. बार्नाबेने जाळ्यांखाली घालून आणला असेल. त्याला बघून तुला आनंद होईल. होऊ दे. मला तो आनंद बघवणार नाही, एवढं मोठं मन माझं नाही. म्हणून मला लिहू नकोस, येऊही नकोस. राग निवला तर मीच लिहीन. नाही निवला तर आपलं इथवरच होतं असं समज.

गुडघ्याचं हाड वाकडं जुळतंय. सकाळ-संध्याकाळ गरम मिठाच्या पाण्याने शेकत जा. त्यांना दुखतं, पण ते सांगत नाहीत.

दूस