दोन्हीकडं सारखा गारवा

औरंगाबाद,
दि. ९ एप्रिल २००३

ती. मनकर्णाताईस बन्सीचा सा. न. वि. वि.

तुमच्या घरचा फोन दाजींच्या खोलीत आणि माझा आवाज कानी पडला की ते तो आपटतात, म्हणून हे पत्र फारूखच्या हाती देतोय. पाचोडच्या बाजारात तो कूलर-फ्रीज दुरुस्त करायला बसतोच. तू भाजीला आलीस की गुपचूप देईल.

माझ्या डोक्याला टाके पडलेत. घाबरू नकोस, समोरच्याचं मनगट मोडलंय, त्यामानानं माझं बरंच आहे. आपला डबा, म्हणजे वेरूळच्या बुडालेल्या टूरवाल्याकडून घेतलेली ती चाकांवरची खोली, जीपमागं लावून पैठणकडच्या एका लग्नात नेली होती. मधे प्लायचं पार्टिशन. पुढच्या भागात नवरी नटत होती, मागच्यात नवरदेव. एसी एकच आणि तो पुढं. नवरदेवाचा मामा, कुणी कडूबा म्हणून आहे, तो मागं घामानं भिजला आणि मग पुढं डोकावला. मुलीकडच्यांना गारवा अन् आम्हाला भट्टी, हा वरपक्षाचा अपमान आहे, असं म्हणत त्यानं सरळ काठीच घातली. रक्त डोळ्यांत उतरलं तसा मी जॅकचा लोखंडी दांडा उचलला. मनगटाचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

आता डब्याला दुसरा एसी बसवणार आहे. दोन्हीकडं सारखा गारवा, मग कोण कशाला रुसेल?

गोदाचं जमलं असं फारूखकडून कळलं. भाचीचं लग्न मामाला कूलरवाल्याकडून कळावं! दिवाळीत दाजींनी तुझ्यावर हात उचलला म्हणून मी त्यांना अंगणात लोळवलं, त्याचा राग अजून आहे का त्यांना? असू दे. मला आहेच. पण गोदाच्या पाठीशी मामा म्हणून मीच उभा राहणार, एवढं त्यांच्या कानावर घाल.

पत्राची वाट पाहतो. रागावलीस तरी चालेल, पण लिही.

तुझा,
बन्सी

*

पाचोड,
दि. १४ एप्रिल २००३

चि. बन्सीस ताईचे अनेक आशीर्वाद.

मनगट मोडल्याचं बरं वाटलं म्हणतोस, तर आता पुढचं वाच आणि आणखी बरं वाटून घे. तो कडूबा आपल्या गोदाच्या होणाऱ्या नवऱ्याचा सख्खा मामा आहे. तू गेलास त्या लग्नातला नवरदेव त्याच्या थोरल्या बहिणीचा, आमचा जावई धाकटीचा. सगळा जिल्हा सोडून तुला नेमकं तेच मनगट सापडावं! लग्नाच्या दिवशी तुझं उरलेलं डोकं फोडणार, असं तो प्लास्टरातला हात दाखवत सांगत फिरतोय.

लग्न १८ मेला, इथंच आमच्या दारात. व्याही तात्यासाहेब तसे शांत आहेत. पण मुलाला तयार व्हायला गार खोली हवी, हे त्यांनी बैठकीतच सांगितलं. असा डबा आपल्याकडं तुझ्याशिवाय कुणाकडं आहे? त्यामुळं तुझे दाजी पेचात पडलेत. डबा येऊ दे, पण तो फारूखनं आणावा, बन्सीनं उंबऱ्यात पाय ठेवला तर तंगडं मोडून हातात देईन, असं म्हणाले. मी जन्मात पहिल्यांदा त्यांना उलटून बोलले. मामा नाही तर लग्न नाही, असं मीच म्हणाले. त्यांनी हातातला तांब्या फेकला, तो कानाजवळ लागला. सूज उतरतेय. शेवटी तुला येऊ दे म्हणाले.

म्हणून तुला गोदाची शपथ घालतेय. त्या दिवशी तुझा हात कुणावर उठता कामा नये. कुणी शिव्या देवोत, मारोत, तुझे दाजी माझ्यावर धावून येवोत, तू हात खाली ठेवायचा. पोरीचं लग्न तुझ्या हातानं मोडलं तर मी तुला भाऊ म्हणणार नाही. आणि गारवा दोन्हीकडं सारखा ठेव बाबा.

गोदा मात्र खुशीत आहे. मामा आहेर काय आणणार म्हणून विचारते. धडकं डोकं आणलं तरी पुरे, असं मी तिला सांगितलंय.

माया तुझ्यावर आहेच, तिला लाजवू नकोस.

तुझी,
ताई

*

औरंगाबाद,
दि. २६ एप्रिल २००३

ती. ताईस सा. न. वि. वि.

तांब्याचं वाचलं आणि वर्कशॉपच्या पत्र्यावर लाथ घातली. पत्रा वाकला. फारूखनं मला खाली बसवून पाणी पाजलं. त्यानं पकडलं नसतं तर मी तेव्हाच पाचोडला आलो असतो आणि मग लग्न कसलं, दहावाच झाला असता. पण शपथ घेतली. गोदाची आहे, मोडणार नाही.

दुसरा एसी बसला. फारूखनं डब्याची मागची भिंत कापली, लोखंडी चौकट ठोकली आणि खिडकीचा जुना एसी त्यात घट्ट बसवला. दिसायला झकास. पण दोन्ही एकदम सुरू केले की जनरेटर धाप लागल्यासारखा गचके देतो आणि बंद पडतो. मोठा जनरेटर डब्याच्या आसाला झेपणार नाही आणि तुमच्याकडं लोडशेडिंग, म्हणजे विजेचा भरवसा नाही. मग फारूखनं एक खटका बसवला. पंखे दोन्हींचे फिरतात, पण गार एका वेळी एकच करतो. नवरदेव तयार होताना खटका त्याच्या बाजूला, गोदा तयार होताना तिच्या बाजूला. दोन्ही पेट्या घुरघुरत राहतील. कुणाला कळायचंय?

नवरी सजवायला फारूखची बायको, मेहरुन्निसा वहिनी, येणार आहे. ती म्हणाली की एवढी खटपट कशाला, मधलं पार्टिशनच काढा, एक एसी सगळ्यांना पुरेल. आम्ही दोघं पोट धरून हसलो. लग्नाआधी नवरा-नवरीची माणसं एका खोलीत! कोण कुणाआधी आत गेलं यावरूनच मांडव पेटेल.

फारूखच्या हाती पोत्यात गुंडाळून एक वस्तू पाठवलीय. जॅकचा तोच दांडा. लग्न होईपर्यंत तुझ्याकडं ठेव. तो जवळ असला की माझा हात आपोआप तिकडं जातो. मला माझीच भीती वाटते ताई, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

कानाला हळद लाव. माझ्यावर विश्वास ठेवून बघ.

तुझा,
बन्सी

*

औरंगाबाद, दवाखान्यातून,
दि. २३ मे २००३

ती. ताईस सा. न. वि. वि.

अक्षर माझं नाही. उजव्या हाताची बोटं मोडलीत, म्हणून मी सांगतोय आणि मेहरुन्निसा वहिनी लिहून घेतेय. बरगड्या दुखतात, पुढचे दात गेले. तरी डॉक्टर म्हणतात, वाचलास.

सकाळपासून मी खटका नवरदेवाकडंच ठेवला होता. कडूबानं आत येऊन एसीसमोर हात धरला, गार लागलं तसा तिथंच बसला. मला वाटलं, जिंकलो. त्या नादात गोदाकडं वळवायचंच राहिलं. मग वहिनीची किंकाळी आली. शालूत गुदमरून गोदा पाटावरून खाली पडली होती. मी धावत जाऊन खटका फिरवला. तिकडचा गारवा गेला तसा कडूबा बाहेर आला, माझा हात खटक्यावर बघितला आणि सगळं समजला. दोन पेट्या दाखवून एक गारवा देतोस, आम्हाला येडं समजतोस व्हय, असं म्हणून डाव्या हातानं काठी घातली.

मी हात पाठीमागं कमरेच्या पट्ट्यात खोचले. पहिला फटका कानावर, दुसरा तोंडावर. पडलो तेव्हा हात सुटले, तर त्यानं बोटांवर टाच दिली. मी सरपटत डब्याच्या मागच्या भागात शिरलो, तिथं लाथ बसली आणि पार्टिशन फोडून गोदाच्या पायाशी जाऊन पडलो. दारात दाजी उभे होते, हाताची घडी घालून. एवढं नीट आठवतं.

त्यानंतर अंधार. एक आवाज आठवतो, मनगट मोडल्याचा. तो मी कधी विसरणार नाही. मग कडूबाची बोंब. पुढचं आठवतं ते एवढंच की मी गोदाच्या मागं उभा आहे आणि तिच्या खांद्यावर माझं रक्त ठिबकतंय. मंगलाष्टकं खरी ऐकली की डोक्यातच वाजली, ते सांगता येत नाही.

कडूबाचं दुसरं मनगटही गेलं म्हणतात. ताई, ते मी मोडलं का? मी शपथ मोडली का? लग्न लागलं की मोडलं? फारूख नुसता हसतो आणि वहिनी म्हणते की ते तुझ्या बहिणीनंच सांगावं. मला झोप नाही. काय असेल ते लिही, भाऊ म्हणू नकोस असं असलं तरी लिही.

तुझा,
बन्सी

*

पाचोड,
दि. २७ मे २००३

चि. बन्सीस ताईचे अनेक अनेक आशीर्वाद.

वेड्या, तू शपथ मोडली नाहीस. तू बोट उचललं नाहीस, मी डोळ्यांनी पाहिलं. तुला पडलेला पाहिला आणि तो कडूबा पुन्हा काठी उगारतोय हे पाहिलं. मग घरात गेले, धान्याच्या कणगीमागून पोतं ओढलं आणि दांडा घेऊन आले. शपथ मी तुला घातली होती, मला कुणी घातली नव्हती. एकच घाव दिला. तुला आवाज आठवतो ना, मलाही आठवतो. आता त्याची दोन्ही मनगटं सारखी झाली, मानपानाला जागा उरली नाही.

तुझे दाजी तेव्हा हलले. बायकोनं चारचौघांत नाक कापलं म्हणत त्यांनी माझा बुचडा धरला आणि दुसरा हात उगारला. इतक्या वर्षांत तो हात किती वेळा उगारला आणि किती वेळा पडला, ते तुला अर्धंच माहीत आहे. मी दांडा खाली टाकला नव्हता. नुसतं त्यांच्याकडं बघितलं. तो हात वर तसाच राहिला, मग हळूहळू खाली आला. मला रडू फुटलं बन्सी, पण दांडा सोडला नाही.

तात्यासाहेब आले आणि म्हणाले की मुहूर्त टळतोय, राहिलेलं भांडण जेवणानंतर करा. त्यांनी तुला आणि कडूबाला उचलून डब्यात शेजारी शेजारी बसवलं. पार्टिशन तुझ्या पाठीनं फुटलंच होतं, त्यामुळं एकट्या पुढच्या एसीनं सगळा डबा गार झाला. मेहरुन्निसानं दोघांचं रक्त एकाच ओल्या फडक्यानं पुसलं. मग तू उठून गोदाच्या मागं गेलास आणि लग्न लागलं. कडूबाही नवरदेवामागं उभा राहिला. अक्षता टाकायला त्याचे हात नव्हते, त्याच्या बायकोनं टाकल्या. गोदा सासरी सुखात आहे. शालूवरचा डाग तिनं धुतला नाही, मामाचा आहेर म्हणते.

इकडं तुझे दाजी ओसरीवर झोपतात. पाण्याचा तांब्या आता स्वतः भरून घेतात आणि मला अहो-जाहो करण्यापर्यंत मजल गेलीय. हसू नकोस, बरगड्या दुखतील.

काल फारूख दांडा मागायला आला होता. जीपचं चाक बदलायला लागतो म्हणाला. त्याला रिकाम्या हातानं पाठवलं. तू नवा घे. हा आता माझ्याकडंच राहील.

लवकर बरा हो. लोभ जसा आहे तसाच, फक्त आता तो दांड्यासकट आहे.

तुझी,
ताई