दोन बस बदलून

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोज लिहायचं ठरवलं आहे. उद्यापासून माझ्यावर जबाबदारी आहे.

धाकट्या भावाचं डायलिसिस सुरू होऊन महिना झाला. मंगळवारी आणि शुक्रवारी त्याला मशीनला जोडतात, रक्त धुऊन काढतात, चार-चार तास. भावजय पॅकिंगच्या कारखान्यात कामाला आहे. तिच्या रजा संपल्या. मुकादमाने तिला सांगितलं, आता एक जरी खाडा केलास तरी दुसरी बाई घेतो. काल सगळे जमलो होतो तेव्हा हा विषय निघाला आणि जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागला. मग मीच म्हटलं, त्याच्याजवळ मी बसेन. माझ्यावर सोडा.

धाकटा म्हणाला, दादा, दोन बस बदलाव्या लागतात, या वयात कशाला दगदग. मी म्हटलं, प्रवासातलं मला शिकवू नकोस. तीस वर्षं लिफ्टमन होतो. आठ मजल्यांवर माणसं नेली आणि आणली, एकाचाही मजला कधी चुकवला नाही. बसचं काय घेऊन बसलास, ती तर जमिनीवरून चालते.

सगळे हसले. भावजयीने डोळे पुसले. वातावरण चांगलं झालं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली बस खच्चून भरलेली. सोडली. दुसरीच्या पायरीवर माणसं लोंबकळत होती. सोडली. लिफ्टमध्ये आठ म्हणजे आठ. नववा मी कधी घेतला नाही, मग तो साहेब का असेना. तत्त्व म्हणजे तत्त्व. स्टॉपजवळ एक चपला शिवणारा बसतो, त्याला हे समजावून सांगत असताना तिसरी आली आणि गेली. तो म्हणाला, बाबा, त्या गाडीत जागा होती की. मी म्हटलं, बसलेल्या माणसाला सगळ्या गाड्यांत जागा दिसते.

घरी परत. तक्रारीच्या नंबरवर फोन केला. मुलगी गोड बोलली, पण मध्येच गाणं लावून निघून गेली.

पहिला दिवस अंदाज घेण्यासाठीच असतो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज चढलो. वृद्धांसाठी राखीव सीटवर एक तरुण बसला होता, कानात गाण्याची बोंडं घालून. मी त्याच्यासमोर उभा राहून त्याला संधी दिली. चौक येईपर्यंत देत होतो. शेजारची बाई म्हणाली, आजोबा, सांगा ना त्याला. मी म्हटलं, सांगून उठला तर त्यात त्याचं काय राहिलं?

चौकात उतरलो. दुसरी बस तिथूनच मिळते. आधी जरा बाकावर टेकलो. सुनेने डबा दिला होता, दोघांचा. अन्न गार होऊ देऊ नये म्हणून माझा भाग खाल्ला. मग धाकट्याचा भाग एकटाच राहिला, तो डब्यात गडगडत होता. तोही खाल्ला. भरल्या पोटी उभ्याने प्रवास करू नये असं डॉक्टरच सांगतात, म्हणून घरी परतलो.

सुनेला सांगितलं, आवडीने खाल्लं त्याने. त्याला ती भाजी आवडतेच, त्यामुळे यात खोटं असं काही नाही. रात्री तिने त्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, हो, छान झाला होता डबा. धाकटा लहानपणापासून खोटं बोलत नाही, म्हणून मला जरा नवल वाटलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

रंगीत तालीम. कुणाला न सांगता गेलो. पहिली बस लगेच, चौकातली त्याहून लगेच, दोन्हींत खिडकी. हॉस्पिटलच्या फाटकाला हात लावून आलो. वॉचमनने विचारलं, कुणाला भेटायचंय? मी म्हटलं, कुणाला नाही, रस्ता तपासतोय.

निष्कर्ष: सोमवारी बससेवा उत्तम आहे. हॉस्पिटलने डायलिसिस सोमवारी ठेवलं तर सगळ्यांचीच सोय होईल. सुचवायला हवं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

काहीच अडचण आली नाही. दोन्ही बस मिळाल्या. हॉस्पिटलचा स्टॉप आला. दार उघडलं. मी उठलोसुद्धा. पण त्याच वेळी एक माणूस चढत होता, त्याच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट होतं. चढणाऱ्याला आधी वाट द्यावी का उतरणाऱ्याला, याचा नियम लिफ्टमध्ये स्पष्ट असतो. बसमध्ये नाही. मी विचार करतोय तोवर घंटी वाजली.

शेवटी डेपोपर्यंत गेलो. कंडक्टर म्हणाला, आजोबा, तुम्हाला हॉस्पिटलला उतरायचं होतं ना? तिकीट तर तिथलंच काढलंत. मी म्हटलं, कार्यक्रम बदलला.

डेपोत चार तास बसलो. म्हणजे वेळ तेवढाच दिला. ते कुणी नाकारू शकत नाही.

११ फेब्रुवारी

धाकट्याचा फोन. चिडला नव्हता. उलट म्हणाला, दादा, बसचे फार हाल आहेत, मला कळतं. म्हणाला, मशीनचा आवाज जुन्या लिफ्टसारखा येतो, तुला ऐकून गंमत वाटली असती. खोली चौथ्या मजल्यावर आहे. प्रत्येक कॉटजवळ एकच खुर्ची. शेजारच्या पेशंटचा जावई दर वेळी याची खुर्ची मागतो. हा सांगतो, देता येणार नाही, माझा दादा येतोय. नर्स चिडवते, तुमचे दादा चालत निघालेत का हो? मग चार तास रिकाम्या खुर्चीकडे बघत पडतो म्हणाला.

मी त्याला एकवीस नंबरच्या बसची सगळी परिस्थिती सविस्तर सांगितली. त्याला पटलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बसचा संप होणार अशी शक्यता असल्याचं स्टॉपवर कुणीतरी बोलत होतं. गेलो नाही. संप झाला नाही. पण संपाच्या धास्तीने माणसाचे हाल व्हायचे ते होतातच.

१५ फेब्रुवारी, रविवार

मुलगा म्हणाला, बाबा, मी गाडी ठरवून देतो, दारातून दारात. मी म्हटलं, आपणच बस सोडली तर बस सुधारणार कशी? तो म्हणाला, बाबा, बसचा प्रश्नच नाहीये. मी म्हटलं, मग कशाचा आहे? तर त्याने मोबाइल उचलला. या पिढीकडे उत्तरं नसतात.

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, आई तिथे गेल्या तेव्हापासून बाबा त्या हॉस्पिटलच्या गल्लीतूनसुद्धा जात नाहीत, तुम्ही कशाला खोदताय? हे साफ चुकीचं आहे. परवाच मी फाटकाला हात लावून आलो. आणि आमच्या हिच्या आजारपणात मी शेवटच्या आठवड्यात फार गेलो नाही, कारण तेव्हा रस्त्याचं काम चालू होतं. बस वळसा घालून जायची. सगळ्यांना माहीत आहे.

चपलांचा अंगठा तुटला होता. स्टॉपजवळच्या चपला शिवणाऱ्याकडून शिवून घेतला. म्हटलं मजबूत घाल, मंगळवार-शुक्रवार लांब जायचं असतं. तो म्हणाला, बाबा, तुमची चप्पल स्टॉपवरच झिजते.

आगाऊ आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

अंगठ्याचा टाका पायाला टोचत होता. गेलो नाही. त्याला फोन करून सांगितलं, चौकात कोंडी आहे, अडकलोय. मागे कुकरची शिट्टी झाली. तो म्हणाला, बरं दादा, सावकाश ये.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज गेलो. खरोखर गेलो. आतपर्यंत. हे ठळक लिहून ठेवतो.

उतरलो, फाटकातून आत, लिफ्टसमोर उभा. वास तोच आहे. लिफ्टला लिफ्टमन नाही. कोपऱ्यात स्टूलसुद्धा नाही. ज्याला वाटेल तो बटण दाबतो आणि लिफ्ट बिचारी वर-खाली धावते. मला वाईट वाटलं.

दार उघडलं. आत स्ट्रेचर. त्यावर एक माणूस, राखेसारखा रंग, एक हात चादरीबाहेर लोंबत होता. दोन वॉर्डबॉय आणि एक रडणारी बाई. एक वॉर्डबॉय म्हणाला, या आजोबा, जागा आहे. मी हिशेब केला. स्ट्रेचर म्हणजे पाच माणसांची जागा धरावी. दोन वॉर्डबॉय, एक बाई. आठ झाले. मी नववा होतो.

दार बंद झालं. जिना आहे, पण माझा गुडघा.

तो माणूस धाकटा नव्हता. मी तोंड नीट पाहिलं नाही, पण नव्हता. घरी येऊन त्याला फोन केला, त्याने उचलला. त्याचा आवाज ऐकला. ठेवून दिला.

तक्रारीच्या नंबरवर लिफ्टबद्दल सांगितलं. ती मुलगी म्हणाली, काका, लिफ्ट आमच्याकडे येत नाही. म्हणजे वर-खाली जाणाऱ्यांना कुणी वालीच नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार. रात्री

सकाळी विचार केला की धरसोड नको, शुक्रवारपासून नव्याने, नीट सुरुवात करावी. दुपारभर त्याचाच आराखडा डोक्यात घोळवत पडलो होतो.

पाचच्या सुमाराला बेल वाजली. मुलगा-सून कामावर. दार उघडलं तर धाकटा. एकटा. हातावर पट्टी, ओठ सुकलेले, खांद्याला पिशवी. मशीनवरून सुटला तसा निघाला होता. म्हणाला, दादा, तुला यायला जमत नाहीये ना, म्हटलं आपणच जाऊन यावं. मी विचारलं, आलास कसा? म्हणाला, बसने. दोन्ही लगेच मिळाल्या. बसायलाही मिळालं, एका पोराने कानातली बोंडं काढून जागा दिली.

मी पाणी दिलं. त्याने दोनच घोट घेतले, त्याला मोजून प्यावं लागतं. मग खुर्चीत टेकला आणि म्हणाला, तू माझ्याजवळ बसणार होतास ना, मग बस आता.

बसलो. पट्टीवर रक्ताचा ठिपका होता. मी खिडकीकडे तोंड करून बसलो आणि त्याला सांगायला लागलो: सकाळच्या गाड्या कशा भरून येतात, राखीव सीटचं काय चालतं, चढणारा-उतरणारा यांचा नियम कसा नाही. बराच वेळ सांगितलं. वळून पाहिलं तर तो झोपला होता. तोंड उघडं. लहानपणी झोपायचा तसाच. मी तिथून उठून स्वयंपाकघरात उभा राहिलो.

अंधारायच्या आत त्याला स्टॉपवर सोडायला गेलो. चालताना माझ्या खांद्याचा आधार घेत होता. बस लगेच आली. तो म्हणाला, चल ना चौकापर्यंत, तिथे मला बदलून दे आणि परत ये. मी पायाकडे बोट दाखवलं. घरातल्या चपला होत्या. अशा चपलांनी कुठे जाणार? तो हसला. म्हणाला, खरंच की.

खिडकीतून त्याने हात हलवला, पट्टीचाच.

शुक्रवारी नक्की.

२५ फेब्रुवारी

धाकटा काल चौकात पडला. दुसऱ्या बसची वाट बघताना चक्कर आली. स्टॉपवरच्या लोकांनी उचलून हॉस्पिटलला नेलं. डोक्याला टाके. ठेवून घेतलंय.

चौकातला बाक अरुंद आहे. बसलेल्या माणसाला धरायला काही नाही. मी स्वतः त्यावर बसलो आहे, मला माहीत आहे. तक्रार करायला फोन उचलला होता.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळीच कपडे करून बसलो होतो. भावजयीचा फोन आला. म्हणाली, भाऊजी, तुम्ही येऊ नका आता. मी काम सोडलं. मुकादमाने दुसरी बाई घेतलीसुद्धा. आता मीच असते दिवसभर.

मी म्हटलं, अगं, मी निघालोच होतो. ती म्हणाली, नको. तुम्हाला बसचा त्रास होतो.

चांगल्या मनाची बाई आहे. आवाज मात्र बसला होता. मी विचारलं, तो काय म्हणतो? म्हणाली, काल नर्स खुर्ची न्यायला आली तर म्हणाले, राहू दे. मी म्हटलं, अहो, मी बसलेय ना खुर्चीत. तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

कपडे परत घडी करून ठेवले.

३ मार्च, मंगळवार

नेहमीच्या वेळेला स्टॉपवर गेलो. जायचं कुठे नव्हतं. घरात करमेना. डबाही नव्हता, सुनेने दिला नाही, मी मागितला नाही.

चपला शिवणारा आज माझ्या चपलांकडे बघून पुन्हा टाके घालायला लागला.

उभा राहतोय तोच बस आली. इतकी रिकामी बस मी या रस्त्यावर पाहिलेली नाही. राखीव सीट रिकामी, खिडक्या रिकाम्या. बरोबर माझ्यासमोर थांबली. कंडक्टर दारातून वाकून म्हणाला, चला आजोबा, आज सगळी गाडी तुमचीच.

मी खाली पाहिलं. चपला बाहेरच्याच होत्या. अंगठ्याचा टाकाही टोचत नव्हता.

कंडक्टरने बराच वेळ घंटी मारली नाही. मग मारली. गाडी रिकामीच गेली.

आज बसबद्दल काही तक्रार नाही.