खिडकीजवळच्या जागेवर टाकलेला रुमाल

मी, धोंडू लवू मेस्त्री, वय ७३, राहणार दिंडोशी, लेथ कारागीर, आज पूर्ण शुद्धीत आहे. हे माझ्याकडून कोणी लिहवून घेतलेले नाही. मुलगा सुयोग तर लिहूच नका म्हणत होता.

१. दिंडोशीची खोली पत्नी सुलक्षणाची. तिच्या हयातीत ती विकायचे नावही कोणी काढू नये.

२. साकीनाक्याचा गाळा आणि लेथ सुयोगला. मायक्रोमीटर मुलगी रुचिराला, कारण वापरून झाल्यावर तो पुसून ठेवायची सवय दोघांत तिलाच आहे.

३. मेहुणे अनंता यांना काही नाही. गणपतीला गावी जाताना मी एसटीत खिडकीजवळ रुमाल टाकून जागा धरली होती. त्यांनी रुमाल उचलला आणि स्वतः बसले. मी कणकवलीपर्यंत उभा. सव्वीस वर्षे झाली, पाय अजून विसरलेले नाहीत.

४. आता मुख्य. अंतराळात सहली नेणाऱ्या एका परदेशी कंपनीच्या यानाच्या खिडक्यांच्या रिंगा आमच्या गाळ्यात झाल्या. कंपनीने कारागिरांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढल्या, त्यात मला एक फुकट जागा लागली. डॉक्टर नको म्हणाले. मला जायचे होते, फार जायचे होते. ही जागा दुसऱ्याला देता येते, माणूस नसेल तर सामानालाही, असे कंपनीचे पत्र आहे.

ती जागा मी संशोधक विनिताबाईंच्या पेटीला देतो. खिडकीतून वरच्या हवेतली धूळ मोजणारी ही पेटी आम्हीच बनवली. तिचे जाणे तीनदा ठरले आणि तीनदा हौशी प्रवासी मिळाले म्हणून तिला उतरवले. सहलींवर माझा राग नाही, गेली चार वर्षे आमची चूल त्यांच्यावरच पेटते. पण ज्याची जागा त्याला मिळावी.

सुयोग म्हणाला, "बाबा, पेटीला कशाला हवी खिडकी? मी जातो ना." अरे, तू फोटो काढशील. पेटी बघेल ते सगळ्यांच्या उपयोगी पडेल.

माझा रुमाल धुऊन सोबत जोडला आहे. तो त्या जागेवर टाकावा, वर पेटी ठेवावी. पेटी हटवून सुयोग बसला, तर त्याला अनंतांच्या रांगेत धरावे.

५. हे सगळे रुचिराने पार पाडावे. ज्याला काही मिळत नाही तोच साक्षीला चालतो, असे वकील म्हणाले. म्हणून अनंतांना बोलावले.

ठिकाण: दिंडोशी, गोरेगाव पूर्व
दिनांक: १२ ऑगस्ट २०२५

(सही) धोंडू लवू मेस्त्री

साक्षीदार:
१. (सही) शेवंती अंबादास तांबे, शेजारी
२. (सही) अनंता विठू राणे. भावोजी, खुर्ची होती तरी उभ्यानेच सही केली आहे. पेटीचा रुमाल कोणी उचलणार नाही, ते मी बघतो.