ढोलावरच्या अक्षरांचा खुलासा

मुक्काम : शेवटी सांगतो.

तीर्थरूप नत्थुजीमामा यांच्या पायांवर भाचा चंद्रभानचं डोकं. (तुम्ही पाय मागे घेतले असतील, तरी डोकं तिथंच आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? कौशल्यामामींचा खोकला गेला का? धवळ्या बैलाचं खूर भरून आलं का? रुख्मिणी बरी असेल. ती बरीच असते, म्हणून प्रश्नचिन्ह घातलं नाही.

पत्रास कारण असं की, मला कुणीतरी पातूरच्या लग्नात पाहिलं आणि नांदगाव खंडेश्वरला येऊन सांगितलं, "नत्थुजीचा भाचा बाटला, आता पोटावर पाटी लावून फिरते." त्यावर तुम्ही भर पारावर म्हणालात म्हणे, "रुखमी याले देईन म्हनलं होतं, आता नाही देत." आणि लगेच दर्यापूरचे पाहुणे तिला पाहायला बोलावलेत. मामा, ती पाटी नव्हती, ढोल होता. त्याची हकिगत ऐकल्याशिवाय दर्यापूरकरांपुढे पोहे ठेवू नका.

अमरावतीची पास दोन हंगामांत वाकते म्हणून तुम्ही मला वखराची लोखंडी पास आणायला अकोल्याला धाडलं, तिथून हे सुरू झालं. (पास विसरलो नाही. तिचंही येतंच.) लोहार म्हणाला, संध्याकाळी ये. आता संध्याकाळपर्यंत माणसानं काय करावं? मी जठारपेठेत फिरत राहिलो, तर एका सायकलच्या दुकानामागे, टिनाच्या शेडमध्ये, पितळी बाजा वाजत होता. दारात उभा राहिलो. आतल्या म्हाताऱ्यानं क्लॅरिनेट तोंडातून काढून विचारलं, "काहून हात हलवून राहिला बे?" मी म्हटलं, "हलते आपोआप." तो म्हणाला, "मंग ढोलावर हलव. आमचा ढोलवाला बडनेऱ्याले रेल्वेत लागला." हे देवमन मास्तर.

हा बँड मूळचा चर्चचा. नाताळात मिरवणुकीपुढे वाजवायचा, आणि उरलेलं वर्षभर पितळ हिरवं पडत राहायचं. मास्तरांनी पाळकसाहेबांना विचारलं, लग्नांत वाजवू का? पाळकसाहेब म्हणाले, चर्चची वाद्यं वरातीत जाणार नाहीत. मास्तर म्हणाले, "मंग आमी जातो." आणि सगळ्या गड्यांना घेऊन ताठ मानेनं बाहेर पडले. वाद्यं आतच राहिली, हे फाटकाबाहेर आल्यावर लक्षात आलं. पुढे एक सर्कस अकोल्यात येऊन बसली ती उठलीच नाही, तिचा बाजा यांना मिळाला. आमच्यातला शमुवेल वाजवतो त्या मोठ्या कर्ण्याला अजून हत्तीचा वास येतो. (शमुवेल म्हणतो, पाऊस पडणार असला की जास्त येतो. त्या वासाच्या भरवशावर तो दोनदा छत्री घेऊन निघाला आणि दोन्हीदा ऊन पडलं. असो.) ढोलावर वाघ होता. त्याच्यावर पांढरा रंग मारून 'स्वतंत्र ख्रिस्ती बँड, अकोला' असं लिहवून घेतलं. पेंटरनं 'ख्रिस्ती' एवढं मोठं काढलं की 'स्वतंत्र' काठावर चेपून बसवावं लागलं. पातूरला तुमच्या माणसानं मधलाच शब्द वाचला, आणि त्याखाली माझं पोट पाहिलं. जवळ येऊन नीट पाहिलं असतं तर वाघाची मिशीही दिसली असती. मग मी वाघ झालो असंही सांगितलं असतं का त्यानं?

आता पातूरचं ऐका. ते आमचं पहिलंच लग्न. निघायच्या आधी मास्तरांनी टोपी काढून प्रार्थना केली. वऱ्हाडाला वाटलं, म्हाताऱ्याला घेरी आली. एकानं कांदा आणून नाकाला लावला. वरातीतले पोट्टे म्हणाले, "सिनेमातलं वाजवा." मास्तर म्हणाले, "सिनेमातलं येत नाही. नाताळचं येते आन् मयतीचं येते." मामा, मलाही ताल एकच येतो, पोळ्याचा. तुमच्याच बैलांपुढे शिकलो. मास्तरांनी नाताळचं धरलं, मी खालून पोळा धरला, आणि पोट्टे असे नाचले की नवरदेवाचा घोडा मारुतीच्या देवळापाशी दोन पायांवर उभा राहिला.

बिदाईच्या वेळी मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "ढोल खाली ठेव. मयतीले ढोल नसते." आणि लावलं ते. नवरीचे वडील केशवराव आधी मांडवाच्या खांबाला धरून रडले, मग शमुवेलच्या कर्ण्याला धरून रडले. नवरदेव रडला. घोडेवाला रडला. पाहुण्यांतला एक ख्रिस्ती कंपाउंडर टोपी काढून हळूच विचारू लागला, "कोन गेलं?" एकटी नवरी कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, "चला ना आता." तेव्हापासून अकोल्यातच काय, अमरावतीतही लोक आम्हाला 'रडवणारा बँड' म्हणून बोलावतात. ही खबर लागताच पाळकसाहेब टांग्यातून रागवायला आले, एका बिदाईला शेवटपर्यंत उभे राहिले, आणि "शमुवेल अजून बेसूरच वाजवते" एवढंच म्हणून परत गेले.

राहिलं बाटण्याचं. मी मास्तरांनाच विचारलं, मी तुमच्यात आलो का? ते म्हणाले, "तुले घेऊन आमी काय करू? तू चर्चमंधीही पोळा करशीन." मामा, याच्याहून पक्का पुरावा मला मिळाला नाही.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि जिला यातलं काहीच चालत नाही तिला नुसतंच कळवा, की पत्र आलं.

तुमचा (तुम्ही नाही म्हणेपर्यंत)
चंद्रभान

ता. क. पास सोबत आहे. थोडी उशिरा पोचतेय. मधल्या काळात आम्ही ती टांगून झांजेसारखी ठोकत होतो. वाकलेली नाही, तुमची पारख खरी.

आणखी ता. क. नवरदेव घोड्यावर बसला तर ढोल कोण वाजवेल, हा प्रश्न मला सुटला आहे. मी पायी येईन. घोडा मोकळाच चालू द्या.

शेवटचा ता. क. मुक्काम : तुमच्या शेताच्या धुऱ्यावरची बाभूळ. पत्र घेऊन दारात उभे आहेत ते देवमन मास्तर, त्यांना पाणी द्या. उत्तर लिहायची तसदी नको. तुम्ही हो म्हणालात, तर ते टोपी हलवतील आणि आम्ही नाताळचं सुरू करू. नाही म्हणालात, तर ते टोपी काढतील आणि मयतीचं लागेल. मामींना पदर जवळ ठेवायला सांगा. मयतीचं लागलं की ढोल खाली ठेवायचा, हा आमच्या बँडचा नियम आहे. मी ढोल अजून गळ्यात अडकवून उभा आहे.