तारेला झोळ द्यायचा राहिला

मेरीबरो, क्वीन्सलंड
मंगळवार

प्रिय मेहुणे रोलंड,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना माझा नमस्कार. (डावा जास्त दुखत असेल, तर त्याला आधी.) टास्मानियात थंडी पडली असेल. कानटोपी घालत जा. हे एनिडने सांगितलं असतं, म्हणून मी सांगतो.

इकडे ठीक. दर रविवारी सकाळी साडेनऊला नेहमीप्रमाणे हॅम रेडिओ लावून तुला हाका मारतो. एनिड गेल्यापासून, म्हणजे सात महिने, तुझा आवाज येत नाही. बिघाड माझ्याच तारेत असणार, असं मी धरून चाललो. अँटेनाची ती जुनी तार खिडकीतून आत घेतलेली. तिच्यामुळे खिडकी लागायची नाही आणि तुझी बहीण फटीत माझे पायमोजे कोंबायची. भिंतीला भोक मात्र तिने एकतीस वर्षं पाडू दिलं नाही. आता अडवणारं कुणी नाही, तेव्हा नवी तार आणली आणि ड्रिल काढलं. (अडवणारं कुणी नसताना भोक पाडण्यात काही मजा नाही, हे पाडल्यावर कळलं.) पहिलं भोक निघालं ते नेमकं पावसाच्या पाइपामागे. दुसरं बरोबर निघालं. पहिल्यातून एक हिरवा बेडूक ये-जा करतो, तासन्‌तास माझ्या शेजारी बसतो आणि अवाक्षर काढत नाही. तुमच्या घराण्यातला असावा.

आता खरी फजिती. तार भिंतीत शिरण्याआधी बाहेर तिला खाली झोळ द्यायचा असतो, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच टपकून जातं. हे मी रेडिओ क्लबातल्या नवख्यांना वीस वर्षं फळ्यावर चित्र काढून शिकवलं आणि स्वतःच्या घरी विसरलो. शनिवारी दुपारी पाऊस झोडपून गेला तेव्हा पाणी तारेवरून थेट आत आलं आणि एनिडच्या शिवणाच्या टेबलावर साचलं. शेजारची व्हर्ना केक द्यायला आली, तर मी टेबल पुसत रडत होतो. मी म्हटलं, छपरावरचं पाणी आहे.

"आल्बी, सगळंच छपरावरून आलेलं नाही रे बाबा," ती म्हणाली. "तो टॉवेल दे इकडे, आणि आधी खाऊन घे."

केक चांगला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून झोळ दिला आणि भोकाभोवती पुट्टी भरली. टेबलावर डाग राहिलाय.

तुझ्या बहिणीचा नवरा,
आल्बी

ता. क. नवी तार उत्तम आहे. रविवारी न्यूझीलंडचे एक गृहस्थ म्हणाले, तुमचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा स्वच्छ येतोय. जुन्या तारेवरही ते हेच म्हणायचे.

आणखी एक. म्हणजे बिघाड नव्हता, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. आपण बोलत असताना एनिड स्वयंपाकघरातून ओरडायची, "रोलंडला विचार, न्याहारी केली का." आता माझ्यामागून काहीच ऐकू येणार नाही, म्हणून तू रेडिओ लावत नाहीस. मी तुला दोष देत नाही. पण येत्या रविवारी फक्त तुझी कॉल साइन सांग, ओळखीची ती चार-पाच अक्षरं. पुढे काही बोलू नकोस. ती शांतता मला एकट्याला ऐकवत नाही.